काटक शरीराचा हिशेब

अकोले तालुका नकाशावर एक असला तरी त्याचे ताट एक नाही. पूर्वेला प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस आणि कांदा, गावोगावचे दूध संकलन, अगस्ती साखर कारखाना. पश्चिमेला डांगाण. भंडारदऱ्याच्या वर रतनवाडी-घाटघरपर्यंत पसरलेल्या या मुसळधार पावसाच्या मुलखात भात, नागली, वरई आणि खुरासणी यांवर महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे वर्ष निघते. कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांतून हिंडताना पाहुण्याच्या नजरेत दोन गोष्टी एकदमच भरतात : माणसे अंगाने बारीक आहेत आणि कामाला वाघ आहेत. मग त्याच्या मनात दोनांपैकी एक मत तयार होते. एक तर ‘बिचाऱ्यांना पोटभर मिळत नसणार’, नाहीतर ‘यांना ना साखर ना बीपी, आपणच खाऊन फुगलो’. दोन्ही मते प्रामाणिक असतात आणि दोन्ही घाईची असतात. या दोन घाईंच्या मध्ये जो विषय उरतो, त्याची ही प्रस्तावना. वजन कमी पण निरोगी असेल आणि ते तसेच टिकवायचे असेल, तर शरीराला रोज किती अन्न लागते?

मराठीत आहारावर जे लिहिले जाते ते बहुतेक वजन उतरवण्याबद्दल असते. शहरांत त्याची गरज आहेच. पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे एक पंचमांश स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या. त्या रेषेच्या जरा वर, तिला लागूनच, आणखी पुष्कळ जणी आणि पुष्कळ जण आहेत. त्यांना कमी वजनाचे म्हणता येत नाही, आणि एखादा आजार किंवा एखादा जड पावसाळा त्यांना रेषेखाली नेऊ शकतो. काय खाऊ नये याच्या याद्या त्यांच्या काय कामाच्या? त्यांच्यासाठी लिहायचे तर हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. आणि वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की या हिशेबावरचा एक गाजलेला वाद आपल्या पुण्यातच रंगला, मराठी माणसांनीच तो लढवला. त्याकडे येण्याआधी थोडी मोजमापे पाहू.

किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. दवाखान्यात त्याला सरळ बीएमआय म्हणतात. प्रौढांसाठी 18.5च्या खाली कमी वजन धरतात. 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ही सीमा 41.6 किलोवर येते आणि 160 सेंटिमीटरच्या बाईसाठी 47.4 किलोवर. म्हणजे 43 किलो वजन पहिलीला चालण्यासारखे आहे आणि दुसरीसाठी चिंतेचे. वजनकाट्यावरचा आकडा उंचीशिवाय वाचू नये, एवढी एक सवय तुम्ही या पानावरच लावून घेतलीत तरी पुढचे वाचन सोपे होईल.

आता त्या 150 सेंटिमीटर उंचीच्या, 43 किलो वजनाच्या बाईचाच हिशेब मांडू. वय पंचविशीचे धरू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या तक्त्यात स्त्रीसाठी बैठ्या कामाला 1660, मध्यम कामाला 2130 आणि जड कामाला 2720 कॅलरी दिल्या आहेत. भिंतीवर लावायला हा तक्ता सुबक दिसतो, पण तो 55 किलोच्या बाईसाठी आहे. आपल्या बाईसाठी वेगळे गणित करावे लागते. निश्चल पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवायला जी ऊर्जा लागते तिला मूलभूत चयापचय म्हणतात. 18 ते 30 वयाच्या भारतीय स्त्रियांसाठी 2010मध्ये दिलेले सूत्र असे : वजनाला 14ने गुणा आणि 471 मिळवा. 43 किलोला हे 1073 येते. त्याला बैठ्या दिनक्रमासाठी 1.4ने, मध्यम कामासाठी 1.8ने आणि जड कामासाठी 2.3ने गुणले की दिवसाची गरज अनुक्रमे सुमारे 1500, 1930 आणि 2470 कॅलरी निघते. त्याच सूत्राने 55 किलोच्या बाईला मध्यम कामासाठी 2230 लागतात. नव्या तक्त्यातल्या 2130शी ते तंतोतंत जुळत नाही. सूत्रांमध्ये शंभरेक कॅलरींचे इकडे-तिकडे असतेच, त्याने बिचकू नये.

या आकड्यांवर क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण विषयाचे मर्म इथेच आहे. 43 किलो आणि 55 किलो या दोन शरीरांत, काम सारखेच असेल तर, दिवसाचा फरक तीनशे कॅलरींचा पडतो. पण त्याच 43 किलोच्या शरीरात बैठा दिवस आणि जड कामाचा दिवस यांतला फरक साडेनऊशेच्या पुढे जातो. अंगापेक्षा काम तिपटीने जास्त बोलते. ‘बारीक आहे, तिला काय लागतंय खायला’ हे घरोघर ऐकू येणारे वाक्य गणितात टिकत नाही. उलट दर किलोमागे पाहिले तर बारीक शरीर जास्तच मागते. मध्यम कामाला 43 किलोच्या बाईला किलोमागे 45 कॅलरी लागतात, 55 किलोच्या बाईला 41. माणूस बारीक असला तरी त्याचा मेंदू आणि यकृत त्या प्रमाणात लहान नसतात, आणि विश्रांतीतला मोठा खर्च तर त्यांचाच असतो.

काम मात्र वर्षभर सारखे नसते. डांगाणात आषाढ लागला की भाताच्या आवणीचे दिवस सुरू होतात. दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचे, वर चढउतार, डांगी जनावरांचा चारा, सरपणाची तजवीज. नेमके तेव्हाच कणगीतले धान्य तळाला गेलेले असते, कारण नवे यायला दिवाळी उजाडायची असते. खर्च वाढतो त्या महिन्यांतच आवक आटते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाच्या गावात ब्रिटिश संशोधकांनी वर्षानुवर्षे हेच टिपले. पावसाळ्यात बायांचे वजन उतरते आणि सुगीनंतर चढते. तूट किती लागते, याचा अंदाज करून पाहण्यासारखा आहे. शरीराचे एक किलो वजन म्हणजे ढोबळमानाने सात हजार कॅलरी धरल्या, तर तीन महिन्यांत दोन किलो उतरायला रोज दीडशे कॅलरींची तूट पुरते. नागलीच्या मध्यम आकाराच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. अंगावर चरबी मुळातच थोडी असेल तर स्नायूही झिजतात, आणि स्नायूंत साठलेली ऊर्जा चरबीपेक्षा फार कमी असल्याने तेवढेच वजन याहूनही लहान तुटीत जाते. घरात कोणी उपाशी राहिले असे कुणालाच वाटत नाही, आणि दोन किलो गेलेले असतात.

आता पुण्याकडे वळू. 1971मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज माणशी 2250 कॅलरी मिळवून देईल इतका खर्च, ही त्यांनी दारिद्र्याची रेषा धरली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतून आलेल्या या अभ्यासाने पुढच्या कित्येक वर्षांच्या धोरणाला आकार दिला. 1979मध्ये नियोजन मंडळाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी 2400 आणि शहरी भागासाठी 2100 कॅलरींची रेषा आखली. पण सरासरी गरजेची रेषा प्रत्येक माणसाला लावता येते का, असा प्रश्न पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी विचारला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे मूळचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग त्यांनी दोन दशके सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्यात बसून पोषणाचा पिच्छा पुरवला.

सुखात्म्यांचे म्हणणे थोडक्यात असे. एकाच माणसाचे खाणे आणि खर्च आठवड्या-आठवड्याला बदलतो. शरीर त्या चढउतारात काही मर्यादेपर्यंत आपला तोल आपणच राखते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित म्हणता येणार नाही. कुपोषणाची रेषा सरासरीच्या बरीच खाली, चढउताराच्या खालच्या टोकाशी आखायला हवी. अमेरिकी शास्त्रज्ञ शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना पुढे नेली. दांडेकरांनी हे मान्य केले नाही. 1981च्या सुमाराला ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या पानांवर दोघांचा खडाजंगी वाद झाला. रेषा खाली आणली की भुकेल्यांची संख्या कागदावर आपोआप घटते, आणि याचा राजकीय अर्थ काय होतो हे दोघांनाही ठाऊक होते. 1982मध्ये सुखात्म्यांच्या संपादनाखाली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने एक ग्रंथ काढला. त्यात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा ‘लहान पण निरोगी’ हा सिद्धांत आला. मध्यम कमी वाढ झालेली बहुतेक माणसे केवळ लहान आहेत, आजारी नाहीत, असा त्याचा आशय. हैदराबादच्या संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. लहान असणे निरोगी असेल तर ते गरिबांसाठीच का, श्रीमंतांसाठी का नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

नवख्या वाचकाने या वादात लगेच बाजू घेऊ नये, असे मी सुचवीन. निदान पहिल्या वाचनात तरी. माझे मत विचाराल तर, एकाच माणसाची गरज हलती असते ही सुखात्म्यांची गोष्ट मला पटते आणि तिच्याशिवाय अकोल्यातला एक पावसाळाही समजत नाही. पण त्या तोल राखण्याची किंमत कोण भरतो, हा गोपालन यांचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. शरीर कमी अन्नात भागवते म्हणजे काय करते? 1944-45मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी 36 निरोगी स्वयंसेवकांना चोवीस आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीतला खर्चही घसरला. ती घसरण मुख्यतः अंगातले मांसच कमी झाल्यामुळे होती, उरलेली चयापचय मंदावल्यामुळे. सोबत थंडी वाजणे, मरगळ, चिडचिड आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार हेही आले. शरीर बचत करते ती अशी : आधी हालचाल, मग उमेद, मग मांस. मूल खेळायचे थांबते, बाई दुपारी ओसरीवर बसून राहते, आणि वजनकाटा मात्र स्थिर दिसतो. म्हणून कमी वजन निरोगी आहे की नाही हे ठरवताना वाचकांनी वजनासोबत नेहमी हेही विचारावे की हे वजन राखण्यासाठी हा माणूस काय करायचे सोडून देतो आहे.

पुण्याने या विषयात आणखी एक भर घातली, आणि ती मला अतिशय महत्त्वाची वाटते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे वजन 42 किलोच्या आसपास होते. म्हणजे आपण वर जिचा हिशेब मांडला, जवळजवळ तीच बाई. बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आतबाहेर भरले. नवल असे की बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींशी फारसा दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. आईला कष्टाचे काम जितके जास्त, तितके बाळ लहान, हेही या अभ्यासातून पुढे आले. आणि ही बाळे वजनाने लहान असली तरी युरोपीय बाळांच्या तुलनेत त्यांच्यात स्नायू कमी व चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही निर्देशांक 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बीएमआयवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याने हे एक पान जवळ बाळगावे.

याचा कमी वजनाशी संबंध असा की वजन टिकवणाऱ्या कॅलरी आणि शरीर घडवणाऱ्या कॅलरी एकच असतील असे नाही. या बाबतीत डांगाण बरेच श्रीमंत होते, आणि अजून काही घरांत आहे. नागलीत शंभर ग्रॅमला सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे जवळपास तांदळाइतक्याच. पण कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळ जाते. इतके कॅल्शियम देणारे दुसरे धान्य नाही. खुरासणीच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेहून जास्त कॅलरी असतात, कारण तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तेलच असतो. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, चाईचा मोहर. हुलगे, वाल, घेवडे. ओढ्याचे खेकडे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जे गावठी वाण राखले आणि ज्यासाठी त्यांना 2020चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, त्यांकडे लोक बहुधा शेतीच्या नजरेने पाहतात. मी ते पोषणाच्या नजरेनेही पाहावेत असे म्हणेन.

मात्र गावठी अन्नाचे कौतुक करताना एक अडचण लपवू नये. भाकरी, भात आणि पालेभाजी हे जागा फार घेणारे अन्न आहे. पोट भरते, पण कॅलरी जमत नाहीत. आवणीच्या दिवसांत 2470 कॅलरी निव्वळ भाकरीने गाठायच्या तर दहा-अकरा भाकरी लागतील, आणि तितक्या कोणी खात नाही. इथे लहान आकारात दाट ऊर्जा देणाऱ्या गोष्टी कामाला येतात. मूठभर शेंगदाण्यांत दीडशेहून जास्त कॅलरी, चमचाभर जास्तीच्या तेलात नव्वद. खुरासणीची चटणी नुसती तोंडी लावण्यापुरती न राहता चांगली दोन चमचे ताटात पडली तर फरक पडतो. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत रोज 350 आणि बाळ अंगावर पीत असताना पहिल्या सहा महिन्यांत 600 कॅलरी जास्त लागतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने 2015मध्ये सुरू केली, ती याच हिशेबातून.

एक शब्द तरुण वाचकांसाठी. तुम्ही हा विषय बारीक होण्याच्या किंवा राहण्याच्या इच्छेने उघडला असेल, तर हे आकडे खाण्याची कमाल मर्यादा म्हणून वाचू नका. शरीर चालवण्यासाठी लागणारा हा किमान खर्च आहे. धावपटू मुली आणि वजन धरून ठेवू पाहणाऱ्या मुली यांच्यात आवक सतत कमी राहिली की पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी चुकणे, सतत थंडी वाजणे, चक्कर, खाण्याची भीती वाटणे, यांपैकी काही होत असेल तर कॅलरी मोजणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. घरच्यांनीही अशा वेळी टोमणे मारू नयेत.

बाकीच्यांनी या विषयात शिरायचे ते पुस्तकाआधी काट्यावरून. आशा सेविका असा, शिक्षक असा की नुसते जिज्ञासू, एका घरातल्या प्रौढांची उंची एकदा नीट मोजा आणि वजन वर्षातून तीनदा घ्या. ज्येष्ठात पेरणीच्या आधी, भाद्रपदात आवणी आटोपून महिना झाल्यावर, आणि कार्तिकात नवा भात घरात आल्यावर. काटा एकच असावा, वेळ सकाळची. शेजारी दोन ओळी लिहाव्यात : या दिवसांत काम काय होते आणि ताटात काय होते. भाद्रपदात किलो-दीड किलो उतरलेले दिसेल, तेवढ्याने घाबरू नये. कार्तिकात ते परत आले पाहिजे. आले नाही, आणि विशेषतः खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर भाकरीचा विचार करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते. क्षयरोग आणि कमी वजन एकमेकांना वाढवत नेतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना महिन्याचा जास्तीचा शिधा दिला तेव्हा त्या घरांतले नवे क्षयरोगी 39 टक्क्यांनी कमी झाले, असे 2023च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्या शिध्यात तांदूळ आणि डाळ होती.